सुगनचंदजींचा वेग

सुगनचंदजी रेडिओवर बसले की आधी पाच मिनिटं नुसते ऐकत. जाफराबादेत त्यांचं पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. मागच्या खोलीत परवान्याचा हॅम रेडिओ, म्हणजे हौशी माणसांनी दूरदूरवर एकमेकांशी बोलायचा रेडिओ, त्याला जोडलेला संगणक आणि छतावरून कडुलिंबापर्यंत ताणलेली तार. बोलणं पोहोचेना तिथे ते अक्षरं पाठवत. संगणक अक्षरांचे सूर करी, पलीकडचा संगणक त्या सुरांची पुन्हा अक्षरं. ती किती वेगानं पाठवायची, हे मात्र माणसानं ठरवायचं. "हवा बघून वेग धरावा बाई," ते म्हणत, "आपली घाई बघून न्हाई."

मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते. माझा धाकटा भाऊ दत्ता ट्रक घेऊन पूर्व किनाऱ्याकडे गेला आणि तिकडे वादळानं फोन बंद पडले. पाच दिवस काही खबर नाही. सहाव्या दिवशी दुपारी सुगनचंदजींचा निरोप आला. किनाऱ्यावरच्या एका हॅम रेडिओवाल्याकडे मदत-छावणीतल्या माणसांची यादी होती.

मी पोहोचले तेव्हा पडद्यावर एकही नाव नव्हतं. यादी सेकंदाला तीनशे खुणांच्या वेगानं येत होती, आणि हवेतल्या खरखरीमुळे एक अक्षर बिघडलं की अख्खा तुकडा पुन्हा मागवावा लागे. सुगनचंदजींनी पलीकडच्याला एकतीसवर यायला सांगितलं.

"इतकं हळू? तोवर संपर्क तुटला तर?"

"तुटू शकतो," ते म्हणाले. "पण अशा हवेत जल्दी केली तर एकबी नाव हाती लागायचं न्हाई. बसा."

एकेक अक्षर उमटू लागलं. बऱ्याच वेळानं 'दत्ता' आलं. पुढे गावाच्या जागी नुसता कचरा. मी आईकडे धावायला उठले.

"थांबा बाई. दत्ता लई असतात. आईकडं अर्धी खबर न्यायची न्हाई."

त्यांनी तीच ओळ तीनदा मागवली. तिसऱ्यांदा स्वच्छ आली: दत्ता, ट्रकचालक, जाफराबाद, पायाला मार. "आता जा," ते म्हणाले.

संध्याकाळी पेढे घेऊन गेले, तर ते अजून तिथेच. त्यांना हवं असलेलं दत्ताचं नाव केव्हाच येऊन गेलं होतं, तरी ते बाकीची नावं वहीत उतरवत होते.

"ह्यांच्याबी घरी कुणी वाट बघून राह्यलं असंल," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी जमेल त्या गावांना फोन लावले.

सुगनचंदजी जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्यासारखी किती घरं त्यांची ऋणी आहेत, मला ठाऊक नाही. त्यांनी ते कधी मोजलं नाही.