करून राहिलो

आमच्या अर्जुनी मोरगावकडे चालू असलेल्या कामाला 'करून राहिलो' म्हणतात. कोणीही विचारलं की मी वर्षानुवर्षं एकच सांगायचो, "परीक्षेचा अभ्यास करून राहिलो." परीक्षा काही पास झालो नाही. मग आयुष्य बदलायची पुस्तकं आणली आणि रोज सकाळी वहीत स्वतःचे दोष लिहू लागलो.

एकदा धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, अर्धा टाकून धाकटी बहीण जेवायला आली, पाय चिखलाने भरलेले.

"आता काय करून राहिला, भाऊ?"

"स्वतःला सुधारून राहिलो," मी ऐटीत म्हणालो.

ती हसलीसुद्धा नाही. "तू करून काहीच नाही राहिला. नुसता राहिला."

जेवून ती उरलेला रोवणा करायला परत बांधीत गेली. मी चिडून वहीत तिचे दोष लिहायला घेतले. पान भरल्यावर कळलं, मी अजून बसूनच राहिलो होतो.