शांत जागा विकणे आहे

खडकीला आमचं घर रुळांना इतकं खेटून होतं, की गाडी गेली की फळीवरच्या कपबश्या थरथरायच्या. आईची एकच इच्छा होती, रेडिओवरचं एखादं गाणं सलग ऐकायचं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला ते साधलं नव्हतं. प्रत्येक गाण्याचं एखादं कडवं गाडीच्या घशात जायचं. शेवटी बाबांनी कर्वेनगरला एका सोसायटीत फ्लॅट हेरला. तो घ्यायचा तर हे घर बऱ्या भावाला जायला हवं होतं, आणि रुळांकडेच्या घराला बरा भाव द्यायला लोक काही खुळे नव्हते.

बाबा वेळापत्रक कोळून प्याले. दुपारी दोन गाड्यांच्या मध्ये बऱ्यापैकी सामसूम असायची, तेव्हाच गिऱ्हाईक बोलवायचं ठरलं. आलं ते सदाशिव पेठेतलं, एक निवृत्त मास्तर. त्यांची वामकुक्षी तोवर आटपत असल्यामुळे त्यांनाही ती वेळ रास्त वाटली. आईने कपबश्यांखाली कागदाच्या घड्या सरकवल्या. मला ताकीद होती, गाडीचा विषय काढायचा नाही.

मास्तरांनी नळ सोडून पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या, खिडकीतून रूळही पाहिले. बाबा म्हणाले, रूळ नुसते दिसायला आहेत, आत कसलाही आवाज येत नाही. आईने स्वयंपाकघरातून साखर किती घालू विचारलं. मी दारातून मास्तरांना विचारून तिला सांगितलं. कुठे काही चुकत नव्हतं, एकही गाडी आली नव्हती. मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"अहो, एवढं शांत आहे, तर आपण सगळे ओरडताय का?"

आम्ही आमच्या मते नेहमीसारखंच बोलत होतो. अख्खी इमारतच तशी बोलायची.

मास्तरांनी भाव पाडला आणि घर घेतलं. चपला घालताना म्हणाले, "मला तसं कमीच ऐकू येतं. गाड्यांचा त्रास नाही व्हायचा. आपलं मात्र सगळं नीट ऐकू आलं." बाबा आठवडाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

हेरलेला फ्लॅट हातचा गेला. त्याच सोसायटीत तळमजल्यावरचा, मागच्या बाजूचा, लहानसा मिळाला. पहिल्याच संध्याकाळी आईने एक गाणं अथपासून इतिपर्यंत ऐकलं आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं. आपापले आवाज कमी करायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

महिनाभरात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले. अगदी सौजन्याने म्हणाले, "उद्या चारला आमचा फ्लॅट बघायला माणसं येतायत. तेवढा वेळ आपण सगळे टेकडीवर फिरून आलात तर आम्हाला भाव बरा मिळेल."

बाबा हो म्हणाले, दार लावलं आणि आईच्या कानाशी लागून कुजबुजले, "उद्या चारला रेडिओ लाव."

जिन्यावरून उत्तर आलं, "ऐकू आलं हो."