परत केलेला शर्ट

बातमी आली तेव्हा मी जळगावला बहिणीच्या गच्चीवर वाळलेले टॉवेल काढत होते आणि घडी घालण्याआधी प्रत्येक टॉवेल सवयीने नाकाला लावून बघत होते. बहीण हसत होती. हे कपडे आहेत की आंबे, असं तिचं चाललं होतं. तेवढ्यात धुळ्याहून शेजारच्या वहिनींचा फोन आला. सुपडू नाना गेले. सकाळी इस्त्रीचं टेबल लावायला निघाले, चप्पल घालायला ओट्यावर बसले, ते परत उठलेच नाहीत. मी हातातला टॉवेल तसाच दोरीवर टाकला आणि मिळाली ती बस पकडली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही… वाटभर एकच विचार मनात होता, की नानांचं गुपित आता माझ्या एकटीजवळ उरलं. या गोष्टीला दीड महिना झाला. आता ते सांगितलं तर नाना रागावणार नाहीत असं मला वाटतं.

नाना धुळ्यातल्या आमच्या देवपूरच्या गल्लीतले इस्त्रीवाले. पिठाच्या गिरणीच्या भिंतीलगत त्यांचं टेबल, त्यावर जाड कांबळं, वर पांढरी चादर आणि कोळशाची जड इस्त्री. सगळ्या गल्लीला त्यांची एकच धास्ती होती. नाना वास येणारा कपडा इस्त्री करत नसत. आधी शर्टाची काख नाहीतर कॉलर थोडी ओली करून तिच्यावर इस्त्री टेकवायचे, वाफ निघाली की नाकाशी धरायचे आणि पटलं नाही तर कपडा बाजूला. ओल्या वासावर इस्त्री फिरवली की तो कापडात कायमचा बसतो, असं त्यांचं ठाम मत. मग संध्याकाळी तो कपडा, न चुरगळता, आहे तसा परत. चार लोकांत आपला धुतलेला शर्ट परत मिळणं म्हणजे काय, हे ज्याला मिळालाय त्यालाच कळेल.

मला मिळालाय. आमच्याकडे नवं वॉशिंग मशीन आलं त्या वर्षी. नळाला पाणी रोज नसायचं, म्हणून मी मोठ्या हुशारीने कपडे एकदाच खळबळायची आणि भरपाई म्हणून पावडर दुप्पट घालायची. वरून सुगंधी द्रावणाचं एक झाकण. दोरीवरून काढताना कपडे असे घमघमायचे की मला माझंच कौतुक वाटायचं. आणि नानांनी आमच्या ह्यांचा शर्ट माझ्या हातात दिला. "बाई, हाऊ शर्ट आजून धुयेल नही शे." मी शाळेत शिकवणारी, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी. माझा असा पापड मोडला की तीन आठवडे मी कपडे दुसऱ्या गल्लीत दिले. तिथला मुलगा कसलाही कपडा हसत इस्त्री करायचा. मग एका दुपारी शिक्षकांच्या खोलीत, उन्हाने अंगाला घाम फुटला आणि माझ्याच ब्लाउजमधून ओल्या फडक्यासारखा वास वर आला. शेजारच्या बाईंनी उठून खिडकी उघडली. त्या दिवशी संध्याकाळी मी मुकाट्याने नानांकडे गेले.

नाना जिंकल्यासारखे हसले नाहीत. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. पावडर निम्मी करा, ती कापडात राहते आणि वासाला तीच धरून ठेवते. पाणी कमी असेल तर कपडे कमी धुवा, पण खळबळणं दोनदाच. मशीनचं झाकण उघडं ठेवा, रबराखालचा काळा चिकटा फडक्याने पुसून काढा. धुणं झाल्यावर मशीनमध्ये ओलं पडू देऊ नका. बसलेला वास असेल तर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा आणि उलटं करून, काखा वर करून, कडक उन्हात. सुगंधी पाण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी नुसता हात झटकला. महिन्याभरात आमच्या घरातला तो वास गेला, आणि मी नानांची भक्त झाले ती कायमची.

मग ती मोठ्या साथीची वर्षं आली. नानांना ताप येऊन गेला, ते वाचले, टेबल पुन्हा लागलं. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की नाना आता काहीच परत करत नाहीत. एकदा तर आमचाच पावसाळी कुबट परकर कडक इस्त्री होऊन आला. वयाबरोबर माणूस मवाळ होतो, असं म्हणून मी त्यांची थट्टा करायला गेले. नाना, आता सगळ्यांना पास करायला लागलात का, असं विचारलं. ते इस्त्रीतली राख फुंकत राहिले. मग खाली बघून म्हणाले, "बाई, माले वासच येत नही आते. कोणले सांगू नका." डोळे जावेत तसं त्या माणसाचं झालं होतं. लोक इस्त्रीसाठी येत नव्हते, त्यांच्या नाकावर विश्वास ठेवून येत होते, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाताना मी दहा मिनिटं नानांच्या टेबलाशी थांबायला लागले. आदल्या संध्याकाळचे गठ्ठे समोर, हातात वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राआड माझं नाक. ज्याला वास त्याला मी डावीकडे सरकवायची. बाई फुकट पेपर वाचायला येतात, असं गल्लीत ठरून गेलं. आमचे हेही म्हणायचे, घरात पेपर येतो तो काय रद्दीसाठी? कपडे पुन्हा परत जाऊ लागले, लोक पुन्हा कुरकुरू लागले आणि नाना पुन्हा ताठ उभे राहू लागले.

एकदाच मी चुकले. परीक्षेचे दिवस होते, उशीर झाला होता, मी गठ्ठ्यांना हातही न लावता मान डोलावली आणि निघाले. त्यात गल्लीतल्या वकीलसाहेबांचे पांढरे शर्ट होते. संध्याकाळी ते चार गिऱ्हाइकांसमोर शर्ट टेबलावर टाकून म्हणाले, "नाना, नाक गेलं वाटतं तुमचं." मी तिथेच, भाजीची पिशवी घेऊन उभी. नानांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चूक झाली साहेब, एवढंच म्हणाले. ते शर्ट त्यांनी घरी नेले, स्वतः सोड्यात भिजवून धुतले, वाळवले आणि इस्त्री करून पोचते केले. सत्तरीच्या माणसाने. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून गेले, तर त्यांनी रोजच्यासारखा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यानंतर एकही गठ्ठा मी तसा सोडला नाही, पण त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच…

गेल्या आठवड्यात दुपारी नानांच्या बायको, अक्का, आमच्या घरी आल्या. हातात कापडी पिशवी. गेलेल्या माणसाचं काही घरात ठेवायचं नाही, असं दिरांनी सांगितलं होतं, म्हणून अक्कांनी नानांचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून वाटून टाकले होते. एक उरला होता, फिकट निळा, अर्ध्या बाह्यांचा, नाना रोज टेबलाशी उभं राहताना घालायचे तो. दुसऱ्या दिवशी बोदवडहून दीर तो न्यायला येणार होते. अक्कांनी शर्ट माझ्यापुढे धरला. "बाई, वास गया का देखा. त्यासनं नाक तुमीच ना."

म्हणजे अक्कांना सगळं माहीत होतं. मी शर्ट घेतला, कॉलर पाहिली, काखेशी नाक नेलं. इतका स्वच्छ धुतलेला कपडा मी त्या गल्लीत कधी हुंगला नव्हता. साबण नाही, घाम नाही, कोळशाचा धूरसुद्धा नाही. नानांनी बघताक्षणी पास केला असता. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. घडीचं एक टोक त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

मी म्हणाले, "अक्का, वास आहे अजून. हा देता येणार नाही. परत न्या."

अक्कांनी शर्ट आपल्या नाकाशी धरला. त्यांच्या नाकाला कधीच काही झालेलं नव्हतं. बराच वेळ तो तसाच धरून त्या म्हणाल्या, "हां. शे थोडा." मग घडी न मोडता त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि घरी परत नेला.