बर्फाखालच्या डब्या

"आमची टोपली कुठे आहे? ये गं, वर ये. डोक्यावर घेऊन ये, लोकांना दिसू दे."

मॅडम माइकवर बोलल्या. त्यांच्या सत्काराला भंडारा शहरातला हॉल गच्च भरलेला. मी मागच्या रांगेतून उठले. माझं नाव टोपली नाही, तरी उठले. मासोळीची रिकामी टोपली डोक्यावर घेतली आणि स्टेजवर चढले. कोणीतरी खालून ओरडलं, "मासोळी कशी दिली?" लोक हसले. मॅडमही हसल्या. मीसुद्धा हसले, याची आजही लाज वाटते.

पहिल्या रांगेत मॅडमची आई बसली होती. हातात मुलीचं सन्मानचिन्ह. माझी माय पार शेवटी, भिंतीला टेकून उभी. करडीच्या बाजारात तिनं जन्मभर मासोळी विकली. ती हसली नाही.

मॅडम डॉक्टर आहेत, संशोधक आहेत. आतड्याला सूज येते, जखमा होतात, रक्त जातं, त्या रोगावर त्यांचं आयुष्य चाललंय. त्या माझ्याच वयाच्या. तो रोग मला तेराव्या वर्षी लागला. दिवसातून दहा-दहा वेळा पळावं लागे. शाळेत संडास नव्हता. एकदा गुरुजींनी उठू दिलं नाही आणि बाकावर व्हायचं ते झालं. आठवी तिथंच सुटली. ज्या सुजेनं मला शाळेतून काढलं, त्याच सुजेवर मॅडम परदेशात शिकून आल्या. मी हे कितीदा मनात म्हटलं असेल. भांडी घासताना म्हटलं. त्यांच्या टेबलावरचा पेन पुसताना म्हटलं.

जीव मात्र त्यांनीच वाचवला. मी पुण्याला गेले तेव्हा वजन एका पोरीएवढं होतं. त्यांनी भरती केलं, गोळ्या लावल्या, पुढं आपल्याच लॅबमध्ये कामाला ठेवलं. नमुने ठेवायचे, काचा धुवायच्या. औषध लॅबमधूनच मिळतं. त्यामुळं त्यांचा चेहरा जरा उतरला की मी धुतलेल्या काचा परत धुते. मॅडम आज बोलल्या नाहीत, काय चुकलं माझं? माझे दिवस असेच जातात.

मग मॅडमनी ठरवलं, तळ्याकाठच्या गावांत जायचं. निरोगी लोकांच्या पोटात कोणते जंतू असतात ते बघायचं आणि रोग्यांशी ताडून पाहायचं. त्यासाठी संडासाचे नमुने लागणार. गाव निवडलं करडी. माझं गाव. मला बरोबर नेलं, बोली कळते म्हणून.

पहिल्या फेरीत डब्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी भरून आल्या. पुण्यात तपासल्या तर एकेका घरातल्या सासू, सुना, जावा, सगळ्यांचे नमुने हुबेहूब एकसारखे. मॅडम माझ्यावरच भडकल्या. "तुझ्या गावच्या लोकांना एवढी साधी गोष्ट समजत नाही का?"

मी करडीला परत गेले. तळ्याच्या घाटावर बायकांत जाऊन बसले. एक सून खालच्या आवाजात म्हणाली, "सासरा वसरीत बसून रायते. डबी धरून त्याच्या समोरून कसी जाऊ वो मी? लहान्या पोरीचंच भरलं चारही डब्यांत."

सगळ्या हसल्या. मीही पोट धरून हसले. गाव अडाणी नव्हतं. सुनेला डबी नेता येत नव्हती, एवढंच. हे पुण्याच्या कोणत्याच कागदावर नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी मॅडमना फोनवर सांगितलं. मासोळीच्या टोपलीत बर्फ असतोच. नमुन्यालाही बर्फच लागतो. डब्या खाली बर्फात ठेवू, वर पळसाची पानं, त्यावर ताटलीत चार मासोळ्या. विकायच्या नाहीत, नुसत्या दाखवायच्या. मी सकाळी दारोदार हाक देत फिरते. बाई मासोळी घ्यायला बाहेर आली तर सासरा कशाला बघतो?

मॅडम म्हणाल्या, "बघ करून."

करून बघितलं. "मासोळी वोऽऽ" म्हणत फिरले. बायका पदराखाली डबी घेऊन यायच्या. एकीनं डोळा मारून विचारलं, "आज कोणती आणली वो?"

"मी आणाले नाई, न्याले आली," मी म्हटलं. "तूच दे."

दहा दिवसांत साऱ्या डब्या आल्या. पुण्यात तपासल्या, एकही नमुना दुसऱ्यासारखा नव्हता. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी कितीतरी दिवस पाठीवर घेऊन फिरले.

आणि आता या हॉलमध्ये, मला शेजारी उभं करून, मॅडम सांगत होत्या, "सगळं काम अडलं होतं. मग मला एक कल्पना सुचली."

मला.

मी टोपली डोक्यावर धरून हे ऐकलं. टाळ्या वाजल्या. मॅडमच्या आईनं डोळे पुसले. मला जळजळ झाली, ती आतड्याची नव्हती. मला ती आई पाहिजे होती पहिल्या रांगेत. ते चिन्ह पाहिजे होतं. नाहीच, तर निदान 'कल्पना हिची' हे एक वाक्य पाहिजे होतं.

बाहेर टेबलावर या कामाचा छापील शोधनिबंध ठेवला होता. इंग्रजी अक्षरं मला लावून लावून वाचता येतात. अकरा नावं होती. मॅडमच्या भावानं नुसते फोटो काढले, त्याचंही होतं. मी दोनदा बोट फिरवलं, माझं नव्हतं. शेवटी गावकऱ्यांचे आभार, एक ओळ.

माय जवळ आली. "तुले टोपली डोक्शावर घ्याले लावली काहून? याच्यासाठी धाडली होती का मी तुले तिकडं?"

मी टोपली तिच्याजवळ दिली.

सकाळी गाडी सिहोऱ्याला निघाली. आता त्या गावातले नमुने गोळा करायचे होते. मॅडम पुढच्या सीटवर, मी मागे.

"टोपली घेतलीस?"

"नाही."

"का?"

"ती कल्पना माझी होती. निबंधात माझं नाव पाहिजे."

मॅडमनी मान वळवली. राग नव्हता, नवल होतं. "आठवी नापास बाईचं नाव कुठे घालू मी?"

"नापास नाही. सुटली. तुम्ही ज्याच्यावर लिहिता, त्यानंच सुटली."

"आज तू जिवंत आहेस ती कोणामुळे?"

"तुमच्यामुळे. मरेपर्यंत म्हणेन. पण 'मला सुचली' हे खोटं आहे."

"आणि औषध? ते कुठून आणशील?"

हाच प्रश्न मला इतकी वर्षं गप्प ठेवत होता. मी गाडी थांबवायला सांगितली, दार उघडलं आणि उतरले. गाडी थोडा वेळ थांबली, मग गेली.

मॅडमचे उपकार मी नाकारत नाही. हेवाही नाकारत नाही. मला हेवा वाटतो, अजून वाटतो, आणि तो मी लपवणार नाही. औषधासाठी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहीन. रक्त गेलं तरी त्याच रांगेत उभी राहीन. पण छापील कागदावर माझं नाव आल्याशिवाय सिहोऱ्याच्या एकाही दारात मी हाक देणार नाही. माझ्या जागी दुसरी कोणी बाई पाठवली, तर मी आधी तिच्या घरी जाईन आणि सांगेन, बाई, काम कर, पण पहिल्यांदा नाव लिहून घे.