पदूची टाकी भरत नाही

नेरळहून कर्जतकडे येताना रस्त्याला लागून एक गाव आहे आणि गावाला लागून तळं. गेल्या दहा-बारा वर्षांत तळ्याच्या काठाने बंगले आले, बंगल्यांबरोबर संडास आले आणि संडासांच्या टाक्या खणायला वरच्या ठाकरवाडीतला पदू आला. सेप्टिक टँकला गाव 'सेफ्टी टाकी' म्हणतं. सेफ्टी नेमकी कुणाची, हे कधी कुणी विचारलं नाही.

पदूचा हात असा, की त्याने खणलेली टाकी भरतच नसे. बाहेरच्या ठेकेदाराच्या टाकीला दोन-तीन वर्षांत मैला उपसणारी गाडी बोलवावी लागायची आणि अख्खी आळी नाकाला रुमाल लावून बसायची. पदूच्या टाकीचं झाकण दहा वर्षं उघडावं लागत नसे. युक्ती साधी होती. चार भिंती पक्क्या बांधायच्या, मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि तळाला सिमेंट घालायचंच नाही. "माती पिते सगळं," तो म्हणायचा. लोक खूश होते, तोही खूश होता. वाडीतल्या माणसाला गावाने नावानिशी बोलावणं धाडावं, ही काय थोडी गोष्ट झाली?

मागच्या श्रावणात त्याची बायको ठकी काविळीने गेली. आठ दिवसांत सगळं आटोपलं. त्यानंतर पदू वेळेवर जेवायचा, कामाला जायचा, कुणी हाक मारली की ओ द्यायचा. रडला मात्र नाही. बायका म्हणाल्या, दगड झालाय. दगडबिगड काही नाही. आतून काही येतच नव्हतं, त्याला तो तरी काय करणार?

यंदा ग्रामसभेत ठराव झाला. तळ्यापासून शंभर फुटांच्या आतल्या टाक्या तपासायच्या आणि बिनतळाच्या बंद करून नव्या बांधायच्या. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, या न्यायाने सगळ्यांनी भराभर हात वर केले. ग्रामसेविका निवेदिता मॅडम फॉर्म घेऊन निघाल्या आणि टेप धरायला त्यांनी पदूला बरोबर घेतलं.

वाटेत पदूने विचारलं, "मॅडम, तळ कशाला लागतो? माती पिते की."

"पीत नाही, पदूदादा. पुढे सोडते. मैल्याचं पाणी झिरपत झिरपत तळ्याला मिळतं. काविळीसारखे आजार त्यातूनच येतात."

"काठाला डवरा खणला, तर त्यात बी येतं?"

"तळ्याच्या काठाला? येणारच."

पदूने मान हलवली. वाडीच्या बोअरिंगला उन्हाळ्यात पाणी राहत नसे. मग ठकी तळ्याच्या खालच्या अंगाला हातभर खड्डा खणायची आणि त्यात पाझरलेलं पाणी वाटीने हंड्यात भरायची. तळ्यातलं नको, डवऱ्यातलं बरं, ते मातीने गाळलेलं असतं, असं ती म्हणायची. पावसाळ्यात बोअरिंगला पाणी आलं तरी तिने डवरा सोडला नव्हता. बोअरिंगचं पाणी मचूळ लागतं, हीच तिची तक्रार.

पहिलं घर अप्पांचं. अप्पा निवृत्त मास्तर, आणि पदूला गावातलं पहिलं काम देणारेही तेच. तळ्यापासून टाकीपर्यंत टेप पसरला. बेचाळीस फूट भरले.

"टाकीला तळ आहे?" मॅडमनी विचारलं.

"आहे की," अप्पा म्हणाले. मग पदूला तुळशीपाशी बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तू गप्प राहा. आत उतरून कोण बघतंय? माझं अंगण खणलं जाईल ते सोड, पण तुझं नाव जाईल रे. उद्या टाकीचं काम कोण देईल तुला? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

नावाचं अप्पा खोटं बोलत नव्हते. काठच्या चौदा टाक्यांना तळ नाही हे त्या त्या घरमालकाला आपापल्यापुरतं ठाऊक होतं आणि सगळ्या चौदांचं एकट्या पदूला. त्याच्याजवळ दुसरं काय होतं? एक हात आणि त्या हाताचं नाव.

तो टेप गुंडाळत परत आला. "लिवा मॅडम. तळ नाय. हितं नाय आन् काठाच्या बाकी तेरांना बी नाय. समद्या मीच खणल्यात."

"अरे पदू!" अप्पा ओरडले. "इतक्या विश्वासाने कामं दिली तुला, आणि हे?"

पदूने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फॉर्मवर मॅडमचं पेन चालत होतं, तिकडे तो बघत होता. मग किती फूट झाले हे विचारावं त्याच आवाजात त्याने विचारलं, "मंग मॅडम, ठकीला मीच मारली का वो?"

मॅडमनी रकान्यात 'तळ नाही' लिहून पूर्ण केलं आणि पुढचा फॉर्म वर घेतला.

पदू टेपचं टोक हातात धरून शेजारच्या अंगणाकडे चालू लागला.