दोनशे सव्विसावी विक्री

तो मंगळवार मला तपशिलासकट आठवतो. संक्रांत होऊन महिना झाला होता. रक्कम अठरा हजार रुपये. पोलीस ठाण्यात हजर मी, एक महिला शिपाई आणि तेलगावकडच्या एका बचत गटाच्या बारा बाया. त्यातल्या अकरा जणी बाराव्या बाईविरुद्ध तक्रार द्यायला आल्या होत्या.

ही बारावी बाई शिवणकाम करणारी, गटाची सचिव. तिने मोबाईलवरच्या एका विक्री ॲपवर नाव नोंदवले होते. ॲपवरच्या वस्तूची लिंक ओळखीत पाठवायची; त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की पाठवणाऱ्याला कमिशन. संक्रांतीच्या वाणासाठी स्टीलच्या वाट्यांचा संच निवडून बाराही जणींनी तिचीच लिंक माहेरी-सासरी पाठवली. दोनशे पंचवीस संच खपले, संचामागे कमिशन ऐंशी. पैसे सारखे वाटून घ्यायचे ठरले होते. हाती एक रुपया आला नाही.

"हिनंच खाल्ले, साहेब! लई गोड बोलती," गटातली सर्वांत वयस्कर बाई म्हणाली.

"मावशी, विक्रीची वही तरी बघा की माझी. खातं उघडून देणारा मोबाईलवाला म्हणतो, कंपनीच पैसे देत न्हाई."

"वही तूच लिवली, तूच वाच!"

खरे सांगतो, माझाही संशय तिच्यावरच होता. जाताना तिने वही टेबलावर ठेवली. "गटातनं काढायचं तर काढू द्या, साहेब. पण चोर म्हणून न्हाई."

वही मी ओळ न् ओळ तपासली. बेरीज चोख होती. तिच्या बँक पासबुकात ॲपची एकही जमा नव्हती.

संध्याकाळी ठाण्यासमोरच्या फळगाडीवाल्या चाचांनी मला बाजूला घेतले. "साहेब, त्या बाईचं काई न्हाई यात. तो मोबाईलवाला माझ्याच गाड्यावर पपई खात सांगत होता, बाया लिंका पाठवतेत अन् मोबाईल माझा वाजतो."

बुधवारी सकाळी मोबाईलवाल्याला बोलावले. बारा बायाही हजर.

"मला काहून बसवलं, साहेब? कंपनी देत न्हाई, त्याला मी काय करू?"

"काही करू नका. मोबाईल टेबलावर ठेवा."

महिला शिपायाने सचिवबाईची लिंक उघडली, वाट्यांचा एक संच मागवला आणि पैसे भरले. अर्धे मिनिट गेले. टेबलावरचा मोबाईल वाजला. पडद्यावर अक्षरे होती: अभिनंदन, आपली विक्री नोंदली गेली.

"आता बोल की बे!" मावशी ओरडल्या.

तो बोलला. बाईचे खाते उघडून देतो म्हणून त्याने स्वतःचेच उघडले होते आणि तिला दिलेल्या लिंकच्या शेवटी त्याचा कोड होता. त्याच्या बँक खात्याच्या उताऱ्यात वाट्यांच्या दोनशे पंचवीस संचांचे कमिशन जमा निघाले. वहीशी एकही आकडा चुकला नाही.

अकरा जणी एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती अकरा वेळा सिद्ध होत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतर माणसाआधी त्याची वही वाचत आलो.

रक्कम जप्त झाली आणि न्यायालयाच्या आदेशाने सचिवबाईला परत मिळाली. एकूण अठरा हजार ऐंशी. बारा जणींना प्रत्येकी दीड हजार, बारा सह्या. उरले ठाण्यातल्या विक्रीचे ऐंशी. ते मावशींनी उचलून तिच्या हातावर ठेवले.

"हे वाटायचे न्हाईत. हे तुझ्या एकटीचे."