कमरेतला कॉल

मी ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर गाइड आहे. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं आणि मान वळवून मागच्या पाहुण्यांना जंगल सांगायचं, हे माझं काम. बोलण्यात ही कुणाला ऐकायची नाही, असं माझा नवरा म्हणतो, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाही.

तीन वर्षांपूर्वी तळ्याकडच्या वळणावर आमची जिप्सी खड्ड्यात अशी आदळली, की मी सीटवरून उडाले आणि परत बसले ती कळवळतच. मणक्याला बारीक चीर गेली होती. दवाखाना झाला, पट्टा झाला, चीर भरली. दुखणं मात्र मुक्कामालाच आलं. मग आपल्याकडे होतं ते सगळं झालं. मोहाच्या तेलाची मालिश, गरम विटेचा शेक, लांबच्या गावचा नस बसवणारा, इंजेक्शनं. घरात मला कुणी पाण्याची गुंडी उचलू देईना. जिप्सीत तर प्रत्येक खड्ड्याआधी मी समोरचा दांडा घट्ट धरायची आणि तोंडातलं वाक्य अर्धंच राहायचं. मागून एखादी पाहुणी पाण्याची बाटली पुढे करायची. वाघ बघायला आलेल्या माणसांनी गाइडची कीव करावी, याचा मला फार राग यायचा.

शेवटी आमच्यातले सगळ्यात जुने गाइडभाऊ घरी आले. म्हणाले, "बाई, पावसाळ्यात गेट बंद हाय तवर आराम करा. पण सुरू झाल्यावर नाई जमलं, तर तुमचा फेरीचा नंबर दुसरीले द्यावा लागन." ते वाईट बोलले नाहीत, खरं बोलले, म्हणून जास्त लागलं. बाईमाणसानं जंगलात काऊन जावं, असं अर्धं गाव म्हणत असताना मी ते काम मिळवलं होतं. ते कमरेपायी सोडायची माझी तयारी नव्हती.

चंद्रपूरला एका फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एक्स-रेचे फोटो पाहिले, मला वाकवलं, वळवलं, पाय उचलून पाहिले. मग म्हणाल्या, "ताई, हाड केव्हाच जुळलंय. आता तुमचा मेंदू सवयीनं धोक्याचा इशारा देतोय."

"म्हणजे मी नाटकं करून राह्यली का?"

"नाही. दुखणं खरं आहे. धोका खरा नाही."

मी तणतणत घरी आले. नवऱ्यानं विचारलं, "मंग, डोक्याचं औषध देल्लं का तुले?"

बाईंचं म्हणणं पटलं ते वानरांमुळे. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून सादळलेले सांडगे पुन्हा अंगणात वाळत घातले होते. वानरांची टोळी उतरली आणि एकानं सुपासकट पळ काढला. मी काठी घेऊन त्याच्यामागे थेट नाल्यापर्यंत धावले, शिव्या घालत. सूप उचललं, सांडलेले सांडगे वाकून वाकून वेचले, आणि परत येताना लक्षात आलं की कंबर दुखली नाही. लक्षात आल्याबरोबर दुखायला लागली. मी तिथेच नाल्याच्या काठावर बसले. हसू पण येत होतं आणि रडू पण.

कारण ही चूक मला ओळखीची होती. जंगलात धोक्याचा कॉल, म्हणजे वाघाची चाहूल लागलेल्या जनावराची ओरड, आला की आम्ही गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो आणि कान देतो. पण चितळ काय, कशालाही ओरडतं. वाळकी फांदी पडली तरी ओरडतं. नवीन गाइड प्रत्येक चितळापाशी गाडी उभी करतात आणि अख्खी फेरी वाया घालवतात. मी त्यांना किती हसले असेन. मी पुढचा कॉल ऐकते, झाडावरचं वानर काय म्हणतंय ते बघते आणि मग ठरवते. आणि घरी मात्र कमरेत जरा चमक आली, की मी सगळ्या आयुष्याची गाडी थांबवत होते. इंजिन बंद. जंगलात मी फसले नव्हते, स्वतःच्या अंगात रोज फसत होते.

डॉक्टरीणबाईंकडे परत गेले आणि या वेळी वाद न घालता शिकले. पहाटे चटईवर बसायचं, डोळे मिटायचे, दुखतंय तिथे लक्ष न्यायचं. पळायचं नाही, भांडायचं नाही, नुसतं बघायचं की ते कुठून निघतं आणि कुठे जातं. मग मनाशी म्हणायचं, हाड जुळलंय, मला धोका नाही. आणि उठून तेच करायचं ज्याची भीती वाटते. आधी अर्धी गुंडी, मग पूर्ण. भिंत न धरता खाली बसणं. सायकल. नंबर जाईल हा विचार आला की कंबर आणखी आखडते, हेही तेव्हाच कळलं. मधे काही दिवस इतके वाईट गेले की मी पट्टा पुन्हा बांधला, आणि दुसऱ्या दिवशी शिव्या देत सोडला. नवरा वीट तापवायला निघाला की मी चुलीपुढे आडवी उभी राहायची. त्याला वाटलं, ही वेडी झाली. होईना का. मला माझी जागा परत पाहिजे होती.

पावसाळा संपला, गेट उघडलं आणि माझा नंबर लागला. गाडीवर त्या आदळलेल्या दिवशीचाच ड्रायव्हर होता, वयानं माझ्यापेक्षा मोठा. माझ्या सीटवर त्यानं घरून आणलेली उशी ठेवली होती. मी ती उचलून मागच्या एका आजीबाईंना दिली. तळ्याकडचं वळण आलं तसा त्यानं वेग अगदीच कमी केला.

"भाऊ, रोज घेता तशीच घ्या गाडी," मी म्हटलं.

मी पाहुण्यांना भुताचं झाड दाखवत होते. हात दांड्याकडे निघाला होता, तो मी मांडीवर ठेवला. भीती होतीच, खोटं कशाला सांगू. गाडी आदळली आणि कमरेत कळ उठली, जुनीच, त्याच जागी. मी तिच्याकडे पाहिलं आणि बोलत राहिले, की या झाडाची साल उन्हाळ्यात पांढरी पडते आणि चांदण्यात ते उभं दिसलं की माणसं घाबरतात, पण ते झाडच असतं. वाक्य पूर्ण झालं.

ड्रायव्हरनं वळून पाहिलं. "बाई, गड्डा गेला. समजला का तुमाले?"

"समजला," मी म्हटलं. "दुखलं बी. चला समोर."